आय ॲम फ्रॉम नेसरी ओन्ली

गडहिंग्लजहून चंदगडकडे निघालं की वाटेत नेसरी लागते. या गावात इंग्रजी दोन तऱ्हांनी बोलली जाते आणि त्या दोन्हींची गल्लत केली की पुढचा सगळा वाद भरकटतो. पहिली तऱ्हा मराठीत मुरलेली. गाडी पंक्चर होते, लाईट जाते, शेजारच्या काकूंचे मिस्टर ड्युटीवर असतात, कुणाला टेन्शन येतं, कुणी एक्सपायर होतं. हिला इंग्रजी म्हणायचं कारण नाही. तिला विभक्तीचे प्रत्यय लागलेत, लिंगं मिळालीत, ती आता घरचीच आहे. दुसरी तऱ्हा पूर्ण वाक्यांची. ती घरात निघत नाही. बँकेतल्या नोकरीच्या मुलाखतीत, पुण्याच्या कंपनीचा फोन आला की, किंवा तिलारीचा घाट उतरून गोव्यात हॉटेलात कामाला लागलं की ती तोंडातून येते: मायसेल्फ पाटील. आय ॲम फ्रॉम नेसरी ओन्ली. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. लास्ट इयर आय गेव्ह द एक्झाम.

या दुसऱ्या तऱ्हेचं काय करायचं? ती मोडून काढावी, तिला शाळा-कॉलेजातून हद्दपार करावं असं मानणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळेच काही उंटावरचे शहाणे नव्हेत. त्यांत पालक आहेत, तळमळीचे शिक्षक आहेत, गावातून बाहेर पडून नाव काढलेली माणसं आहेत. माझं मत वेगळं आहे. पण ‘आपली इंग्रजी आपल्याला प्यारी’ असं म्हणत गळ्यात गळा घालणाऱ्यांच्या रांगेतही मला उभं राहायचं नाही.

आधी तिच्यावरचा मुख्य आरोप पाहू. ती मोडकीतोडकी आहे, तिला व्याकरण नाही, असं म्हणतात. हे खरं नाही. नेसरीचा मुलगा ‘ओन्ली’ वाटेल तिथं ठेवत नाही. मराठीत जिथं ‘च’ येतो तिथंच तो ठेवतो. मी नेसरीचाच, कालच आलो, त्यालाच दिलं. तसं नेसरी ओन्ली, यस्टरडे ओन्ली, हिम ओन्ली. परीक्षा मराठीत ‘देतात’, म्हणून इंग्रजीतही ती दिली जाते. आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ अशा चार नात्यांना ज्या भाषेत एकच मोघम शब्द आहे, आणि त्यातून भाऊ की बहीण हेही कळत नाही, तिथं ‘कझिन ब्रदर’ म्हणणं ही गरज आहे. जी चूक हजारो माणसं एकाच जागी, एकाच रीतीनं करतात तिच्यामागं नियम असतो. आणि नियम असेल तर व्याकरणही आलंच, मग ते आपल्याला आवडो न आवडो. अमेरिकेत विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या साठीत आणि सत्तरीत न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीबद्दल हेच दाखवून दिलं होतं. शिक्षक जिला भाषेचा अभाव समजत होते ती नियमबद्ध बोली होती, आणि परक्या परीक्षकापुढं मुकी होणारी मुलं आपसात मुद्देसूद वाद घालत होती.

शिवाय या इंग्रजीला हसतं कोण? लंडनचा माणूस नव्हे. त्याला नेसरी माहीत नाही आणि तो एवढा रिकामाही नाही. हसतो तो आपलाच, दोन पायऱ्या वर चढलेला. आणि गंमत अशी की वरच्या पायरीवरची भेसळ मात्र चालते. १९९८ साली पेप्सीनं ‘ये दिल मांगे मोर’ म्हटलं तेव्हा ती जाहिरातकलेची कमाल ठरली. दक्षिण मुंबईतला तरुण इंग्रजी वाक्याच्या शेवटी ‘यार’ आणि ‘ना’ लावतो तेव्हा ती त्याची ऐट असते. नेसरीचा तरुण ‘ओन्ली’ लावतो तेव्हा ती चूक. दोघंही इंग्रजीत आपली भाषा मिसळतात. फरक एवढाच की एकाला शुद्ध इंग्रजी येते हे आपण गृहीत धरतो आणि दुसऱ्याला येत नाही हेही गृहीतच धरतो. खिशात पैसे असलेल्यानं फाटकी जीन्स घातली तर फॅशन, नसलेल्यानं घातली तर दारिद्र्य, असला हा न्याय आहे.

निसीम इझिकेल यांच्या कविता या बाबतीत मला अजून अस्वस्थ करतात. इझिकेल मुंबईचे, बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या समाजातले. मिस पुष्पा टी. एस. हिच्या निरोपसमारंभाची त्यांची कविता भारतीय इंग्रजीच्या नकलेवर उभी आहे. पिढ्यान्‌पिढ्या कॉलेजात ती वाचली जाते आणि वर्ग हसतो. तो हशा प्रेमाचा की कुचेष्टेचा यावर समीक्षक भांडत आलेत. मला वाटतं, उत्तर कवितेत नाही, वर्गात आहे. ज्याची इंग्रजी त्या कवितेतल्या वक्त्यापेक्षा वेगळी आहे तो मोकळेपणी हसतो. ज्याची तशीच आहे तोही हसतो, पण त्या दिवसानंतर हात वर करत नाही.

या प्रश्नाचं जगातलं सर्वात गाजलेलं उदाहरण सिंगापूरचं. तिथं इंग्रजीत चिनी बोली, मलय आणि तमिळ मिसळून ‘सिंग्लिश’ झाली. १९९९ साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात फुआ चू कांग या दूरदर्शन मालिकेतल्या पात्राचं नाव घेऊन, त्यानं इंग्रजीच्या शिकवणीला जावं असं सुचवलं. विनोदी मालिकेतल्या ठेकेदाराला देशाच्या पंतप्रधानानं शिकवणी लावल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. २००० साली ‘चांगली इंग्रजी बोला’ ही सरकारी मोहीमही सुरू झाली. पण २००३ साली सार्सची साथ आली, लोकांना हात धुवा, काळजी घ्या हे पटवायची वेळ आली, तेव्हा हाच फुआ चू कांग रॅप गाणं म्हणत पुढं आला. २०२१ साली करोनाची लस घ्या हे सांगायला सरकारनं पुन्हा त्यालाच उभं केलं. जिची सरकारला लाज वाटत होती, जीव वाचवायच्या वेळी सरकारला तीच बोली लागली.

इथं टाळ्या वाजवून थांबणं सोपं आहे. पण सिंगापूरचा धडा नेसरीला जसाच्या तसा लावला तर ती फसवणूक होईल. सिंग्लिश ही तिथल्या माणसांची एकमेकांशी बोलायची भाषा आहे. तिच्यात ते चिडतात, थट्टा करतात, घासाघीस करतात. १९८७ पासून तिथल्या सर्व शाळांत इंग्रजी हीच पहिली भाषा आहे, तेव्हा माणसं आपली ऊब इंग्रजीतच शोधणार. नेसरीत ऊब मराठीत आहे. इथं कुणी बायकोशी इंग्रजीत भांडत नाही, बैलाला इंग्रजीत शिवी देत नाही. इथली इंग्रजी परक्याशी बोलायची आहे. म्हणून ‘ही आमची ओळख, ती जपू द्या’ हा सिंगापुरी युक्तिवाद आपल्याला उपयोगी नाही. नेसरीची ओळख तिच्या मराठीत आहे. इंग्रजी हे इथं कामाचं साधन आहे आणि तिचा हिशेब कामावरूनच करायला हवा.

कामाचा हिशेब केला तर पहिला निकाल या इंग्रजीच्या बाजूनं लागतो. गोव्यातल्या हॉटेलात चंदगडचा पोरगा आणि रशियातला पर्यटक बोलतात तेव्हा दोघांचीही इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातली नसते, पण खोलीचं भाडं, जेवणाची वेळ, टॅक्सीचा सौदा सगळं ठरतं. लष्कराचं उदाहरण तर याहून बोलकं. गडहिंग्लज-चंदगड भागात घराघरांत फौजी, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र शेजारीच बेळगावला. रात्री पहारेकऱ्यानं ‘हू कम्स देअर’ असं दरडावून विचारायचं, ही ब्रिटिशांची शिस्त होती. हिंदुस्थानी शिपायांच्या तोंडी त्याचं ‘हुकमदार’ झालं. शिस्तीला इतकी कडक संस्था, पण उच्चारासाठी तिनं पहारा बदलला नाही. अंधारातला माणूस थांबतो की नाही, एवढंच तिथं बघायचं होतं.

मग मोडून काढा म्हणणाऱ्यांचं काय? आधी हे विचारलं पाहिजे की, असं काही मोडून काढता येतं का. नेसरीला याचं उत्तर दुरून आणावं लागत नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी याच गावाजवळच्या खिंडीत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. प्रतापराव स्वराज्याचे ‘सरनोबत’ होते. पद मराठ्यांचं, शब्द फारसी वळणाचा. त्यानंतर चारच महिन्यांत, ६ जूनला, राज्याभिषेक झाला. फारसी पदनामं जाऊन संस्कृत आली, सरनोबताचा ‘सेनापती’ झाला. पुढं महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. दरबारी व्यवहारातल्या सुमारे चौदाशे यावनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. शिवाजी महाराजांची आज्ञा, म्हणजे यापेक्षा मोठं पाठबळ कुठल्या भाषामोहिमेला मिळणार? तरीही पेशवाईतलं कुठलंही दप्तर उघडा, फारसी शब्दांची गर्दी दिसते. आज साडेतीनशे वर्षांनी आपण अर्ज करतो, वकील गाठतो, जमीन मोजून घेतो, सरकारला नावं ठेवतो. हे सगळे शब्द त्या कोशाला पुरून उरले.

पण कोश अगदीच वाया गेला असंही नाही. ‘सेनापती’ टिकला. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ही टिकले. का टिकले ते पाहा. पदनाम, सरकारी कागद, छापील अर्ज, जिथं वरून ठरवता येतं तिथं ते रुजले. तोंडावर मात्र कुणाचंच राज्य चाललं नाही. कागदावर ‘दिनांक’ लिहिणारा माणूस बोलताना ‘तारीख’च विचारतो, आणि त्यात त्याला कुठलाही पेच वाटत नाही.

कोल्हापूरच्या मुलींना तर ही गोष्ट कुणी शिकवावीही लागत नाही. आमच्याकडं बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. पुण्यात शिकायला गेलेल्या कोल्हापूरच्या मुलीला याबद्दल हसून घेतल्याशिवाय पहिलं वर्ष पार पडत नाही. पण तीच मुलगी दहावीच्या निबंधात ‘मी आले’ लिहीत आलेली असते, न चुकता. आईनं तिला बोली सोड असं सांगितलेलं नसतं आणि बाईंनी निबंधात बोली चालवून घेतलेली नसते. दोन्ही ठिकाणी ती पक्की. आता तर ‘चालतंय की’ हे एका टीव्ही मालिकेमुळं महाराष्ट्रभर झालं आणि ज्या रांगडेपणाला लोक नाकं मुरडत होते त्याचे टी-शर्ट निघाले. मराठीच्या बाबतीत आपल्याला जे सहज जमतं ते इंग्रजीच्या बाबतीत जमणार नाही असं का मानायचं? मुलगी तीच आहे, डोकंही तेच आहे.

आता खरा आक्षेप. तो भाषेचा नाही, भाकरीचा आहे, आणि मला तो सर्वात मोलाचा वाटतो. ‘स्थानिक इंग्रजी चालू द्या’ असं लिहिणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठं शिकतात, असा प्रश्न गडहिंग्लजच्या एखाद्या पालकानं विचारला तर माझ्यासारख्यानं खाली बघायला हवं. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ साली ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. तो हौसेसाठी नव्हता. ज्यांना सत्तेच्या ओसरीवरही उभं केलं जात नव्हतं त्यांना आतल्या दालनाची किल्ली हवी होती. त्यांना तुम्ही अर्धी घासलेली किल्ली देऊन ‘हीच तुमची अस्मिता’ म्हणणार का?

हा आक्षेप खोटा नाही हे एका वाक्यावरून दाखवता येतं. कामावर काही चूक झाली, चौकशी लागली, आणि नेसरीचा प्रामाणिक मुलगा परप्रांतीय साहेबाला म्हणाला, ‘सर, आय ओन्ली टोल्ड हिम.’ त्याच्या मनात आहे: मीच त्याला सांगितलं, जबाबदारी माझी. साहेबाला ऐकू येतं: मी नुसतं सांगितलं, बाकी माझा काय संबंध! एका ‘च’नं कबुलीची पळवाट झाली. बोलताना चेहरा, हात, सूर मदतीला असतात, साहेब उलटून विचारू शकतो. हेच वाक्य ईमेलात गेलं तर मदतीला कुणी नाही. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच व्हावं म्हणून कितीतरी वर्षं आंदोलनं झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं, मुंबईचे हेलपाटे वाचले. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणं उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच आहे. बांधाच्या भांडणातल्या अपिलात ‘ओन्ली’ कुठं बसलाय यावर गुंठे इकडचे तिकडं होऊ शकतात. तिथं कुणी बोलीचं कौतुक सांगू नये.

म्हणजे लिहिण्यात प्रमाण इंग्रजी हवीच, आणि ती कडक हवी. अस्मितेच्या नावाखाली खेड्यातल्या मुलाला ती नाकारणं हा सरळ अन्याय आहे. पण ती मिळवण्याची वाट बोलण्यावर बंदी घालून जात नाही. मुलगा बोललाच नाही तर सुधारायचं काय? माझ्या पाहण्यात नेसरीसारख्या गावांतल्या मुलांचं नुकसान ‘हॅविंग’मुळं झालेलं नाही, ‘हॅविंग’ तोंडातून निघेल या धास्तीनं झालेलं आहे. खतावणी तोंडपाठ असलेली वाणिज्य शाखेची मुलगी मुलाखतीत दोन वाक्यांनंतर गप्प होते आणि तिच्यापेक्षा कच्चा पण सफाईनं बोलणारा उमेदवार नोकरी घेऊन जातो.

या इंग्रजीला ठाम विरोध करावा अशी एक जागा मात्र आहे, आणि तिथंच कुणी विरोध करत नाही. ती जागा म्हणजे गणिताचा तास. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आला. ते ठीकच झालं. पण त्याच्या पुढं जाऊन गावोगाव इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसेस फिरू लागल्या आणि इंग्रजी हे माध्यम झालं. वर्गात काय चालतं? ‘ओपन युवर बुक’, ‘कीप क्वाएट’, ‘अंडरस्टुड?’ इथपर्यंत इंग्रजी. खरं समजावून सांगायची वेळ आली की दार लोटून हळू आवाजात मराठी. आणि परीक्षेत पाठ केलेलं इंग्रजी उत्तर, जे मुलालाही कळलेलं नाही आणि कदाचित शिकवणाऱ्यालाही नाही. खोलीचं भाडं ठरवायला पुरते ती इंग्रजी तीन चतुर्थांश म्हणजे काय हे सांगायला पुरत नाही. ज्या भाषेत मास्तरांना रागावता येत नाही आणि पोरांना शंका विचारता येत नाही तिच्यात अपूर्णांक शिकवणं हा पोरांवर अत्याचार आहे. दोष मास्तरांचा नाही. तुटपुंज्या पगारावर त्यांना जी भाषा येत नाही तिच्यात उभं केलंय.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं ते इंग्रजीत दिलं. पण त्यात प्राथमिक शिक्षणासाठी मागितलं काय? मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता येणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेती आणि आरोग्याची माहिती. किल्ली कुठली आणि पाया कुठला याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. आज कायद्यानं हा पाया सरकारला लादता येत नाही. पलीकडच्या कर्नाटक सरकारनं मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करू पाहिलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मे २०१४ मध्ये ते फेटाळलं. माध्यम निवडायचा हक्क पालकांचा. हा निकाल मला मान्य आहे, सक्तीनं भाषा तगत नाही हे वर कोशाच्या निमित्तानं म्हटलंच आहे. पण मग पालकांना निवड करताना खरं कळायला हवं: बसवरच्या पाटीवर ‘इंग्लिश मीडियम’ लिहिलंय ते माध्यम वर्गात खरोखर आहे का?

ज्यांना काही करायचंच आहे त्यांच्यासाठी दहावीच्या इंग्रजीच्या गुणपत्रिकेत आजही एक जागा आहे. ८० गुण लेखी, २० गुण तोंडी आणि अंतर्गत. मधे एका वर्षी हे २० गुण बंद केले होते, २०१९ मध्ये परत आणले. बहुतेक शाळांत ते मूल उभं राहिलं की पदरात पडतात, त्याला बोलतं करायचा त्रास कुणी घेत नाही. ते नीट वापरावेत. तोंडी परीक्षेत मुलानं आपल्या शेताबद्दल, काजूच्या हंगामाबद्दल, मॅचबद्दल दहा वाक्यं बोलावीत आणि परीक्षकाला ती कळली तर पूर्ण गुण द्यावेत, ‘हॅविंग’सकट, ‘ओन्ली’सकट, मधे न थांबवता. लेखी ८० गुणांत त्याच ‘ओन्ली’ला निर्दयपणे लाल रेघ मारावी. शिक्षक म्हणतील, एका वर्गात साठ मुलं, प्रत्येकाचं ऐकायला वेळ कुठं आहे. ही अडचण खरी आहे, आणि ती इंग्रजीची नाही, शिक्षकभरतीची आहे.